माहेरचं माणूस

आमच्या घरात देवाचं नाव घेत नसत. लोकांना वाटतं हा नियम पप्पांचा असेल, पण तो आईचा होता. ओमानमधल्या निझवा गावी आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याही वरच्या मजल्यावर एक कुलकर्णी कुटुंब राहायचं. गणपतीत त्यांच्याकडून मोदक आले की आई ते घ्यायची, रिकाम्या डब्यात खजूर भरून डबा परत पाठवायची, पण आरतीचं बोलावणं आलं की हसून म्हणायची, "आमच्यात नाही करत हो." मी कुठे पडले, खरचटलं, आणि शाळेतल्या मुलींचं ऐकून "ओ गॉड" म्हणून ओरडले, तरी ती हातातलं काम थांबवायची. "त्याला कशाला हाक मारतेस? मी आहे ना इथे." पुढे तिनंच त्याला हाक मारायला सुरुवात केली आणि आमचं घर मधोमध चिरलं. ते सगळं मला एकदा लिहून ठेवायचं आहे. माझी पन्नाशी जवळ आली, पप्पा नाहीत, आणि आईचं आता विसरणं वाढलंय. परवा मला म्हणाली, "निझव्याला आपण वर राहायचो की खाली गं?"

आम्ही वर राहायचो. खाली दुकानं होती, त्यातलं एक हमीदचाचांचं किराणाचं. ते रत्नागिरीकडचे. आमच्यासाठी आमसुलं आणि तांदळाचं पीठ मुद्दाम मागवून ठेवायचे आणि आईला "वैनी" म्हणायचे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी बाल्कनी, तिथून खजुराच्या बागा आणि त्यामागे तपकिरी, उघडेबोडके डोंगर दिसायचे. शुक्रवारी सकाळी शेळ्यांच्या बाजाराचा कालवा घरात यायचा आणि दुपारी सगळं गाव झोपलं की फक्त एसीची घरघर उरायची. पप्पा वीज खात्याचं काम घेतलेल्या एका कंपनीत इंजिनियर होते. चिपळूणजवळच्या त्यांच्या वस्तीतला पहिला इंजिनियर. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, आमच्यासारख्या प्रत्येक घरात असतात त्या. पप्पा रोज सकाळी आंघोळ करून, ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि त्रिसरण-पंचशील म्हणायचे. आई मागे उभी राहायची, कणकेचे हात तसेच जोडून. तिचा आवाज पप्पांपेक्षा मोठा होता. भाकरी थापताना ती जयंतीची गाणी म्हणायची, तव्यावरच्या भाकरीवर ठेका धरून. पप्पा महिन्यातून एकदा समुद्रकाठच्या बरक्याच्या बाजारातून बर्फाच्या पेटीत बांगडे आणि सुरमई घेऊन आले की त्या दिवशी गाणी संपायचीच नाहीत.

मी बारा-तेरा वर्षांची असताना मला भाऊ झाला. नाव आधीच ठरलं होतं, सिद्धार्थ. मी त्याला काचेतून एकदाच पाहिलं. त्याचं हृदय नीट बनलेलंच नव्हतं. आठवडाभरही जगला नाही. आईचं ऑपरेशन झालेलं, ती दुसऱ्या वॉर्डात, तिला उठायची परवानगी नव्हती. बाळ गेलं ते साराम्मा आंटींच्या हातात. साराम्मा आंटी आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या केरळी नर्स. उंच, हाडाच्या, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान हलवणाऱ्या. मला त्या "सूसी" म्हणायच्या. सुजाता हे नाव त्यांना लांब वाटायचं.

एवढ्याशा जिवाला न्यायचं कुठे हा प्रश्न पप्पांना आयुष्यात कधी पडला नसेल. आमच्यात तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. गावी असतो तर वस्तीमागच्या माळावर नेलं असतं. ऑफिसच्या माणसानं दोन-चार फोन केले आणि सांगितलं, मुस्लीम नाही ना, मग मस्कतजवळ ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे, तिथे सोय होईल. हमीदचाचांनी दुकान बंद केलं आणि पिकअप काढली. सगळ्या रस्ताभर, इझकी आणि फंजा मागे टाकून थेट मस्कतपर्यंत, पप्पांनी ती लहानशी पेटी मांडीवर धरली होती. हे मला फार नंतर हमीदचाचांनी सांगितलं. पप्पांनी कधीच नाही.

आई घरी आली ती गप्प. गाणी गेली. साराम्मा आंटी ड्यूटीवरून येताना वर डोकावायच्या आणि आई त्यांना तेच तेच विचारायची. डोळे उघडे होते का? रडला का? हात कसे होते? आंटी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सगळं सांगायच्या. "शालिनी, मैं पकडा था ना. अकेला नहीं था वो." जगात तेवढं एकच माणूस होतं ज्यानं तिच्या मुलाला शेवटी पाहिलं होतं, त्यामुळे आंटी आल्या की आई उठून बसायची. आंटी गेल्या की पुन्हा भिंतीकडे तोंड.

थोडी हिंडूफिरू लागल्यावर तिनं हट्ट धरला की मला जागा दाखवा. पप्पांनी आम्हाला नेलं. डोंगराच्या कुशीत भिंत घातलेली जागा, आत रांगेनं थडगी, बरीचशी परदेशी माणसांची, आणि एका बाजूला लहान मुलांची वेगळी ओळ. सिद्धार्थच्या मातीवर एक लाकडी क्रूस रोवलेला होता. तिथल्या माणसांनी चांगल्या मनानंच लावला असणार, सगळ्यांना होते तसे. पप्पांचा चेहरा काळवंडला. ते वाकले आणि दोन्ही हातांनी तो उपटायला लागले.

"राहू द्या," आई म्हणाली.

"शालू, हा आपला नाही."

"माहितेय. पण सगळ्या लेकरांवर आहे. त्याचंच तेवढं उघडं ठेवायचं?"

पप्पांनी हात काढून घेतले. मला वाटतं, त्यांना पुढचं सगळं तेव्हाच दिसलं असावं.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मस्कतला जाणं पप्पांना जमणारं नव्हतं. पण साराम्मा आंटी आणि आणखी काही नर्सेस मिळून एक व्हॅन करून मस्कतमधल्या रुवीच्या चर्चला जायच्या. आईनं त्या व्हॅनमध्ये एक जागा मागितली. जाताना त्या तिला दफनभूमीशी उतरवायच्या आणि येताना घ्यायच्या. उन्हाळा सुरू झाला तेव्हा आंटी म्हणाल्या, अशा उन्हात बसलीस तर तूच इथे राहशील, चर्चमध्ये येऊन बस, एसी आहे. आई गेली. आधी मागच्या बाकावर, दाराजवळ. प्रार्थना मल्याळममधून, तिला अक्षर कळायचं नाही. चर्चच्या आवारात वेगवेगळ्या भाषांचे, पंथांचे लोक आपापल्या वेळेला जमायचे, पण मराठी कुणी नव्हतंच. ती म्हणायची, न कळणारी भाषा बरी वाटते, कुणी समजूत घालतंय असं वाटत नाही.

असं वर्ष गेलं असेल. एके दुपारी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघरातून आई बोलत असल्याचा आवाज आला. मला वाटलं आंटी आल्यात. डोकावले तर ती एकटीच होती. खाली बसून कोथिंबीर निवडत होती आणि अगदी शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती. "त्याला सवय नाही रे कुणाची. जरा उचलून घेत जा. आणि मला पण बघ, मला झोप येत नाही." 'तू' म्हणत होती देवाला. मी मागच्या मागे बाहेर गेले, दार वाजवलं आणि पुन्हा आत आले. त्या दिवशी जेवताना तिनं मला दुसऱ्यांदा आमटी वाढली, बऱ्याच महिन्यांनी.

तिच्यात झालेला बदल मला चांगला वाटला हे मी लपवणार नाही. ती पुन्हा खायला लागली. केस विंचरायला लागली. पप्पांना तो बदल दिसत होता आणि त्याचं कारणही. सकाळी पंचशील म्हणताना आई अजून मागे उभी राहायची, पण तिचे ओठ मिटलेले असायचे. पप्पांचा एकट्याचाच आवाज. आमचे पप्पा आवाज चढवणारे नव्हते. ते राग आला की आणखी हळू बोलायचे, आणि त्या काळात ते इतकं हळू बोलत की टीव्ही बंद करावा लागायचा.

आंटी आईला जुन्या ख्रिस्ती बायकांच्या गोष्टी सांगायच्या आणि आई त्या मला सांगायची. त्यातली एक मला चांगली लक्षात आहे, कारण आईला ती पटली नव्हती. बांगडे साफ करताना सांगत होती. आफ्रिकेतली, रोमन राजांच्या काळातली एक तरुण बाई. चांगल्या घरातली, अंगावर पिणारं बाळ. ख्रिस्ती झाली म्हणून तिला तुरुंगात टाकलं. राजाच्या देवापुढे चिमूटभर धूप टाक, सुटशील, असं सगळे सांगत होते. तिचा म्हातारा बाप आला, तिचे हात हातात घेतले, पाया पडला, माझ्या पिकल्या केसांकडे बघ म्हणाला. तिनं ऐकलं नाही. तिला मैदानात जनावरांपुढे सोडलं.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"घरच्यांनी वाढवलं म्हणे." आईनं बांगड्याचं पोट साफ केलं, नळाखाली धरलं. "मी आंटीला सांगितलं, मला ही तुमची बाई नाही आवडली. बाळ टाकून कोण जातं?"

त्यानंतर काही महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर, तिनं पप्पांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. दार उघडंच होतं.

मग पप्पा म्हणाले, "आपल्या माणसांनी एकदा धर्म बदलला. कशासाठी, शालू? कुणापुढे वाकायचं नाही म्हणून. माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते. आणि तू मुद्दाम जाऊन गुडघे टेकणार?"

"मला कुणी वाकवलं नाही."

"तू त्या येशूकडे नाही गेलीस. तू बाळाकडे गेलीस. मला कळतं ते. मी काय दगड आहे?"

"सुरुवातीला होय," आई म्हणाली. "बाळाकडेच जात होते. पण आता तिथे बसले की मला बाळ नाही दिसत. तोच दिसतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पप्पा अगदी हळू म्हणाले, "तुला जायचं तर जा, मी हात धरणार नाही. पण सुजाताला यात ओढायचं नाही. तू पाणी घेतलंस की ती दादांकडे गावी जाईल. तिथे शिकेल."

दादा म्हणजे आईचे वडील, माझे आजोबा. निवृत्त प्राथमिक शिक्षक. चिपळूणच्या पुढे एका खेड्यात एकटे राहायचे. पप्पांनी त्यांनाच बोलावून घेतलं. व्हिजिट व्हिसा, तिकीट, सगळं. येऊन तुमच्या मुलीला समजवा, इतकंच फोनवर सांगितलं.

दादा आले ते पांढरा सदरा, धोतर, काळी टोपी आणि हातात छत्री. ओमानमध्ये छत्री! पहिले दोन दिवस त्यांनी तो विषय काढलाच नाही. माझ्याबरोबर फलजच्या काठानं फिरायचे, दगडी पाटातून बागांकडे धावणारं ते पाणी बघून खूश व्हायचे. "हे बेस आहे गो. पाणी सगळ्यांचं, आणि पाळी पण सगळ्यांची." हमीदचाचांच्या दुकानात बसून कोकणातल्या गप्पा मारायचे. मग आईशी बोलायला लागले, रोज थोडं थोडं. आधी शिक्षकासारखं, मुद्दे मांडून. आई भाजी चिरता चिरता ऐकायची, नाही म्हणायची नाही, हो म्हणायची नाही. मग रागावून. मग गावातल्या लोकांचं नाव काढून, वस्तीत विहार कुणी बांधला, वर्गणी गोळा करत कोण फिरलं, आता त्याच माणसाच्या मुलीनं हे करावं का. आईनं त्यांच्यासाठी रोज तांदळाची भाकरी आणि सुकट केली. एवढंच तिचं उत्तर.

बाप्तिस्म्याचा शुक्रवार ठरला होता. आदल्या दिवशी दुपारी पप्पा ऑफिसला गेल्यावर दादा बैठकीत पंख्याखाली बसले होते. आई त्यांना पाणी घेऊन आली. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. त्यांचं डोकं पांढरंशुभ्र होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. ते खुर्चीवरून उतरले, गुडघ्यावर आले आणि त्यांनी आईच्या पावलांकडे हात नेले.

"दादा!" आईनं पाय मागे घेतले. ग्लासातलं पाणी सगळं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. ती खाली बसली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. "असं नका करू. तुम्ही असं करायचं नाही."

"मग काय करू गो बाय? पोर जाईल तुझी. जावईबापू बोलतो ते करणारा माणूस आहे. एकीला पुरून बसलीस का, आता..." ते चुकले होते, मुलगा होता तो, पण कुणी दुरुस्त केलं नाही. "एवढं एक ऐक. मनात काय ठेवायचं ते ठेव. वरून नाही म्हण."

"वरून नाही म्हटलं तर सुजाता राहील," आई म्हणाली. "पण तिच्यासमोर जी राहील ना दादा, ती मी नसेन. ती कुणीतरी दुसरीच बाई असेल, तिला जेवायला घालणारी."

मी दारात उभी होते. आईनं मला पाहिलं. मला वाटलं ती आता माझ्याकडे बघून बदलेल. त्या तुरुंगातल्या बाईवर चिडलेली माझीच आई होती ना ती? तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून पाहिलं. मग पदरानं दादांचा ओला सदरा टिपायला लागली. आजही कधी मोठा निर्णय घेताना माझी मुलगी समोर आली की मला तो ओला सदरा आठवतो.

शुक्रवारी सकाळी आईनं पांढरी साडी नेसली. पप्पा बाल्कनीत पाठमोरे उभे होते. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. आई दाराकडे वळली, तर दादा धुतलेला सदरा, धोतर, टोपी असे तयार होऊन चपला घालत होते.

"तुम्ही कुठे?" आईनं विचारलं.

"येतो." ते चपलेच्या अंगठ्याशी झटत होते. "मी दीक्षा घ्यायला निघालो तेव्हा माझी आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. मी घरातले देव नदीत सोडले होते, त्याचा राग. चुलीपाशी बसून राहिली. ते मला अजून सलतं गो. तुझं हे मला पटलेलं नाही, मेलो तरी पटणार नाही. पण तिथे तुझ्या माहेरचं कुणीतरी नको?"

आईला रडू आवरेना. ती तशीच जिना उतरली. मी पप्पांकडे पाहिलं. ते वळले नाहीत, पण म्हणाले, "जा. दादांना तिथलं काही कळणार नाही." म्हणून मीही गेले.

व्हॅनमध्ये नर्सेसनी दादांना पुढची जागा दिली. वाटेत आईनं व्हॅन दफनभूमीशी थांबवली. दादांनी नातवाला पाहिलंच नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली, क्रूसासमोर हात जोडले आणि खणखणीत आवाजात त्रिसरण म्हटलं, सगळं, तिन्ही वेळा. नर्सेस मागे माना खाली घालून उभ्या राहिल्या. साराम्मा आंटी शेवटी "आमेन" म्हणाल्या आणि दादांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं, पण मान डोलावली.

चर्चमध्ये दादा आणि मी मागे बसलो. लोक उठले तेव्हा दादा उठले नाहीत, गुडघे टेकले तेव्हा टेकले नाहीत. ताठ बसून राहिले, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. पास्टर वयस्कर होते. त्यांनी आईला इंग्रजीत काही विचारलं आणि आईनं मराठीत उत्तर दिलं, "होय, विश्वास ठेवते." तिथे ते कुणालाच कळलं नसेल, आम्हा दोघांशिवाय. तिच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा दादांनी माझा हात पकडला, इतका घट्ट की बांगडी रुतली. पास्टरनी विचारलं, हिच्याबरोबर कोण आहे? मी ते दादांच्या कानात मराठीत सांगितलं. आंटी पुढे व्हायला लागल्या, त्याआधी दादा उठले. "मी आहे," म्हणाले. "बाप आहे मी." मराठीतच. पण ते सगळ्यांना कळलं.

घरी आलो तेव्हा पप्पा जेवले नव्हते. आईच्या ओल्या केसांकडे त्यांनी पाहिलं नाही. दादांना म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला मी कशाला बोलावलं होतं, दादा?"

"मी काही बदललो नाही, विलासराव. सोडायला गेलो होतो मुलीला."

पप्पांनी बोललेलं केलं. व्हिसा संपला तसे दादा निघाले आणि त्यांच्याबरोबर मी. मला घेऊन जाणं दादांना किती जड गेलं हे मला तेव्हा कळलं नाही. मस्कतच्या सीब विमानतळावर आई आणि पप्पा शेजारी शेजारी उभे होते, एकमेकांकडे न बघता. आईनं पप्पांना शब्द दिला होता की माझ्यासमोर प्रार्थना करणार नाही. तिचा हात माझ्या कपाळाकडे आला, तिथे जरा थांबला, आणि तिनं माझी बट कानामागे सारली. मी तिला "येते" म्हटलं नाही.

दादांच्या घरी मी मराठी शाळेत गेले. माझं मराठी अडखळतं होतं, पोरं हसायची. दादांनी मला रोज संध्याकाळी ओसरीवर बसवून वाचायला शिकवलं. आज मी हे लिहिते आहे ती भाषा त्यांचीच. फोन यायचा तो गावातल्या एसटीडी बूथवर, शुक्रवारी. आई विचारायची, जेवलीस का, केस वाढले का, सर्दी गेली का. "ये" असं ती कधी म्हणाली नाही. मी वाट बघायचे. मग मी वाट बघणं सोडलं आणि फोनवर "हो" आणि "नाही" एवढंच बोलायला लागले.

वर्षभरानं, न कळवता, पप्पा आले. खूप वाळले होते. दादांनी त्यांना चहा दिला आणि स्वतः माझे कपडे भरायला आत गेले. विमानात पप्पा माझ्या शेजारी बसले होते. किनारा दिसेनासा झाला तेव्हा म्हणाले, "मला वाटलं ती भांडेल. पाया पडेल. रोज ऑफिसातून येताना ठरवून यायचो, आज मागितलं तर काय उत्तर द्यायचं. तिनं एकदाही तुला मागितलं नाही, सुजा. एकदाही नाही. समोर ताट वाढायची आणि बसून राहायची. मला नाही सहन झालं."

निझव्याला दार आईनं उघडलं. तिनं मला जवळ घेतलं, माझी उंची हातानं मोजल्यासारखी केली, मग एकदम स्वयंपाकघरात गेली. पप्पा आंघोळीला गेल्यावर मी तिच्यामागे गेले. ती सुरमईला मीठ लावत होती. भिंतीवर आता एक लहानसा क्रूस होता, गॅसच्या वर, जिथे तेलाचे शिंतोडे उडतात.

"तू पप्पांना का नाही सांगितलंस मला आणा म्हणून?" मी विचारलं. "एकदा तरी मागायचं ना."

"मागत होते गं," आई म्हणाली. "रोज मागत होते. फक्त त्यांच्याजवळ नाही."

मला तिचा फार राग आला. तो राग पुढे कमी झाला, माझी मुलगी झाली तेव्हा बराच कमी झाला, पण सगळा गेला असं मी म्हणणार नाही. मी हात धुतले आणि तिच्या हातातून मिठाचं भांडं घेतलं, आणि आम्ही दोघींनी मिळून मासे तळले. आत पप्पा ओला टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीसमोर उभे होते आणि एकटेच पंचशील म्हणत होते. आईनं गॅस बारीक केला, तळण्याच्या आवाजाचा त्यांना त्रास नको म्हणून.